मल्टी-क्रू कोऑपरेशन अभ्यासक्रम

मल्टी-क्रू कोऑपरेशन अभ्यासक्रम, संक्षेपाने एमसीसी, हा एकट्याने विमान चालविण्यास शिकलेल्या वैमानिकाला दुसऱ्या वैमानिकासोबत कामाची वाटणी करून विमान चालविण्यास शिकविणारा अल्पकालीन अभ्यासक्रम आहे. व्यावसायिक वैमानिक परवाना मिळाल्यानंतर आणि मोठ्या प्रवासी विमानाचे विशिष्ट प्रशिक्षण, म्हणजेच टाइप रेटिंग, सुरू होण्यापूर्वी तो साधारणपणे पूर्ण केला जातो. त्याचा प्रत्यक्ष सराव विमानात न होता सिम्युलेटरमध्ये होतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार दोन वैमानिकांच्या विमानाचे पहिले टाइप रेटिंग घेण्यापूर्वी हा अभ्यासक्रम आवश्यक असतो. भारतात तो बहुधा विमान कंपन्यांच्या कॅडेट कार्यक्रमांचा भाग म्हणून किंवा स्वतंत्रपणे घेतला जातो.

अभ्यासक्रमाचा कालावधी थोडा असला तरी त्याची निवड नवोदित वैमानिकासाठी महत्त्वाची ठरते. परवाना मिळेपर्यंत त्याच्या कुटुंबाचे लाखो रुपये खर्च झालेले असतात. अनेकदा शैक्षणिक कर्जही डोक्यावर असते. पुढील प्रत्येक अभ्यासक्रमाने हा खर्च वाढतो. म्हणून या अभ्यासक्रमातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी समजून घेणे आवश्यक असते.

गरज

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व्यावसायिक वैमानिक परवाना देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, वैद्यकीय पात्रता, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचा उड्डाणानुभव आवश्यक असतो. त्यांपैकी किमान १०० तास उमेदवाराने विमानाचा प्रमुख वैमानिक म्हणून उड्डाण केलेले असावे लागते. हा अनुभव मुख्यतः एका इंजिनाच्या लहान विमानात मिळतो. तेथे सुकाणू, रेडिओ, नकाशा, इंधनाचा हिशेब आणि निर्णय हे सर्व एकाच व्यक्तीच्या हाती असते. स्वावलंबन हा या शिक्षणाचा गाभा आहे.

एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या विमानांत परिस्थिती वेगळी असते. तेथे एक वैमानिक विमान चालवतो. त्याला 'पायलट फ्लाइंग' म्हणतात. दुसरा उपकरणांवर आणि पहिल्याच्या कृतींवर लक्ष ठेवतो, रेडिओवर बोलतो आणि तपासणी यादी वाचतो. त्याला 'पायलट मॉनिटरिंग' म्हणतात. या भूमिका हुद्द्याशी बांधलेल्या नसतात. एका फेरीत कप्तान विमान चालवतो, तर पुढच्या फेरीत सहवैमानिक. अंतिम अधिकार आणि जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते.

त्यामुळे एकट्याने उडताना गुण ठरलेली सवय येथे दोष ठरू शकते. लहान विमानात वैमानिक मनात निर्णय घेतो आणि लगेच कृती करतो. दोघांच्या विमानात न बोलता केलेली कृती जोडीदाराला कळत नाही, आणि जे कळले नाही त्यावर त्याला लक्षही ठेवता येत नाही. ही सवय बदलणे हे एमसीसीचे मुख्य काम आहे.

इतिहास

भारतातील नागरी उड्डाणाचा प्रारंभ एकट्या वैमानिकाने झाला. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहूपर्यंत टपाल आणले, तेव्हा त्या लहान पस मॉथ विमानात दुसरा वैमानिक नव्हता. पुढे विमाने मोठी झाली आणि चालकदलही वाढले. बोइंग ७४७ च्या सुरुवातीच्या विमानांत दोन वैमानिकांबरोबर एक फ्लाइट इंजिनिअर असे. १९८० च्या दशकात संगणकीय उपकरणे आल्यावर तिसरी जागा कमी होत गेली आणि दोन वैमानिकांचे चालकदल रूढ झाले.

१९७० च्या दशकातील काही अपघातांनी विमान वाहतूक क्षेत्राला एका गोष्टीची जाणीव करून दिली. यंत्र ठीक असूनही, किंवा बिघाड किरकोळ असूनही, चालकदलातील संवाद तुटल्यामुळे विमाने पडत होती. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफे येथे दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मृत्युमुखी पडले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने या विषयावर परिषद भरवली. तिच्यातून 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' ही संकल्पना पुढे आली. विमानातील प्रत्येक व्यक्तीकडील माहिती आणि कौशल्य वेळेवर उपयोगात आणणे, हा तिचा अर्थ. एमसीसी अभ्यासक्रम या विचाराचे प्राथमिक शिक्षण देतो.

भारतातील उदाहरणे

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरील अरबी समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जणांचा मृत्यू झाला. विमानाची स्थिती दाखविणारे कप्तानासमोरचे उपकरण बिघडले होते. बाहेर अंधार आणि खाली समुद्र असल्याने क्षितिज दिसत नव्हते. चालकदलाला इतर उपकरणांच्या आधारे विमान पुन्हा ताब्यात घेता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. एका उपकरणावर अवलंबून न राहता सर्व उपकरणे एकमेकांशी ताडून पाहणे आणि फरक दिसताच मोठ्याने सांगणे, हे आज पायलट मॉनिटरिंगचे प्राथमिक कर्तव्य मानले जाते.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान बंगळूर येथे उतरताना धावपट्टीच्या आधीच जमिनीवर आदळले. विमानातील १४६ पैकी ९२ जण दगावले. इंजिने मंद शक्तीवर होती, वेग घटत होता आणि विमान उंची गमावत होते. परंतु दोन्ही वैमानिकांना परिस्थितीचे गांभीर्य वेळेत उमगले नाही. स्वयंचलित प्रणाली काय करीत आहे हे दोघांनीही सतत जाणून घेतले पाहिजे, हा या अपघाताचा धडा मानला जातो.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि तिच्या टोकापलीकडे दरीत गेले. १६६ पैकी १५८ जणांचा मृत्यू झाला. विमान उतरताना योग्य उंची आणि वेगावर नव्हते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याची सूचना तीनदा दिली होती, तरीही कप्तानाने उतरणे चालू ठेवले, असे चौकशी अहवालात नमूद आहे. सहवैमानिकाला धोका दिसला होता आणि तो बोललाही होता. परंतु त्याच्या बोलण्याचे कृतीत रूपांतर झाले नाही. म्हणूनच सूचना देणे, ती ऐकणे आणि ती दुर्लक्षित झाल्यास पुढे काय करायचे, या तिन्ही गोष्टी आता प्रशिक्षणात शिकविल्या जातात.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

युरोपीय नियमांनुसार एमसीसी अभ्यासक्रमात किमान २५ तासांचे सैद्धान्तिक शिक्षण आणि किमान २० तासांचा सिम्युलेटरवरील सराव असतो. आरंभापासून परवान्यापर्यंतचे एकसलग प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी सरावाची मर्यादा १५ तास आहे. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळते. परवान्यावर स्वतंत्र नोंद होत नाही. याच नियमांत 'एपीएस एमसीसी' हा अधिक विस्तृत प्रकारही आहे. त्यात सामान्यतः ४० तासांचा सराव असून अखेरीस मूल्यमापन होते. विमान कंपन्यांच्या प्रत्यक्ष कामकाजाशी जवळीक साधणे हा त्याचा उद्देश आहे.

सराव जोडीने होतो. त्यामुळे २० तासांच्या सरावात प्रत्येकाच्या वाट्याला साधारणपणे १० तास पायलट फ्लाइंगची आणि १० तास पायलट मॉनिटरिंगची भूमिका येते. जाहिरातीतील तासांची संख्या पाहताना ही विभागणी लक्षात घ्यावी लागते.

शिक्षणाचे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत:

प्रमाणित कार्यपद्धती: कोणती कळ कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दानंतर हलवायची, हे लेखी ठरलेले असते. त्यामुळे कधीही न भेटलेले दोन वैमानिक पहिल्याच दिवशी एकत्र काम करू शकतात.

तपासणी यादी: एकाने प्रश्न वाचायचा आणि दुसऱ्याने उपकरण प्रत्यक्ष पाहून उत्तर द्यायचे. पाठांतराने दिलेले उत्तर येथे निरुपयोगी ठरते.

पूर्वसूचना-कथन: उड्डाणापूर्वी व उतरण्यापूर्वी पायलट फ्लाइंग आपली योजना सांगतो. हवामान, मार्ग, संभाव्य धोके आणि योजना फसल्यास करावयाची कृती यांचा त्यात समावेश असतो.

ठरलेल्या हाका: वेग, उंची किंवा मार्ग यांत मर्यादेपलीकडे फरक पडल्यास पायलट मॉनिटरिंगने निश्चित शब्दांत तो सांगायचा आणि दुसऱ्याने प्रतिसाद द्यायचा.

आणीबाणीतील कामवाटप: इंजिन बंद पडणे, उड्डाण रद्द करणे, केबिनमधील हवेचा दाब कमी होणे अशा प्रसंगी आधी विमान सांभाळणे, मग दिशा ठरविणे आणि त्यानंतर संपर्क साधणे हा क्रम पाळला जातो. दोघेही बिघाड शोधण्यात गुंतले आणि विमानाकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही, असे होऊ नये म्हणून भूमिका स्पष्ट शब्दांत वाटून घेतल्या जातात.

बोलण्याचे शिक्षण

अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड भाग यंत्राशी संबंधित नसून वरिष्ठाला त्याची चूक सांगण्याशी संबंधित असतो. वडीलधाऱ्यांना आणि गुरुजनांना उलट उत्तर न देणे हा भारतीय घरांतील संस्काराचा भाग आहे. विशेषतः ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या कप्तानाला 'सर, आपला वेग कमी झाला आहे' असे म्हणणे उद्धटपणाचे वाटू शकते. विमानात मात्र हे वाक्य न उच्चारणे ही कर्तव्यच्युती ठरते.

यासाठी पायरीपायरीने तीव्र होत जाणारी पद्धत शिकविली जाते. प्रथम वस्तुस्थिती सांगायची. प्रतिसाद न मिळाल्यास धोका सांगायचा. त्यानंतर उपाय सुचवायचा. आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास कार्यपद्धतीनुसार नियंत्रण हाती घ्यायचे. आदर आणि स्पष्टता यांत विरोध नाही, हे येथे सरावाने अंगवळणी पाडले जाते. उलट बाजूने, कप्तान होऊ पाहणाऱ्यालाही कनिष्ठाचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय लावली जाते.

संबंधित अभ्यासक्रमांतील फरक

नवोदित वैमानिकांमध्ये पुढील संज्ञांबाबत गोंधळ आढळतो.

एमसीसी: दोन वैमानिकांच्या कामाची पद्धत शिकविते. ते एका विशिष्ट विमानापुरते मर्यादित नसते.

जेट ओरिएंटेशन: जेट विमानाचा अधिक वेग, उंची आणि जडत्व यांची ओळख करून देते. ते अनेकदा एमसीसीला जोडून घेतले जाते.

टाइप रेटिंग: ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा एका विशिष्ट विमानप्रकाराची पात्रता देते. त्याची नोंद परवान्यावर होते आणि त्याचा खर्च एमसीसीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

मल्टी-क्रू पायलट परवाना: हा वेगळा परवाना आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ मध्ये त्याची मानके स्वीकारली. यात प्रत्यक्ष आणि सिम्युलेटरवरील मिळून किमान २४० तासांचे प्रशिक्षण असते आणि विद्यार्थी आरंभापासूनच सहवैमानिकाच्या भूमिकेसाठी घडविला जातो. एमसीसी आणि हा परवाना एकच नव्हेत.

निवडीचे निकष

मान्यता: प्रशिक्षण संस्था कोणत्या देशाच्या नियामकाने मान्य केली आहे, यावर प्रमाणपत्राचा उपयोग अवलंबून असतो. युरोपीय संघातील टाइप रेटिंगसाठी तेथील नियमांखाली मान्य असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. ब्रिटनची परवाना व्यवस्था १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय व्यवस्थेपासून वेगळी झाली आहे. त्यामुळे दोन्हींची प्रमाणपत्रे आपोआप परस्परांना लागू होत नाहीत. परदेशी परवाना घेऊन भारतात परतणाऱ्याला महासंचालनालयाकडून त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते. म्हणून नोकरी कोठे करायची हा प्रश्न आधी आणि अभ्यासक्रम कोठे करायचा हा प्रश्न नंतर येतो.

सिम्युलेटर: एमसीसीसाठी स्थिर सिम्युलेटरही पुरेसा मानला जातो. हलणारा फुल फ्लाइट सिम्युलेटर अधिक वास्तव वाटत असला, तरी या अभ्यासक्रमाचा विषय संवाद असल्याने केवळ यंत्राच्या भव्यतेवरून गुणवत्ता ठरत नाही. उपकरणाची मान्यता आणि ते ज्या विमानाची प्रतिकृती आहे त्याचा पुढील नोकरीशी असलेला संबंध हे मुद्दे अधिक उपयुक्त ठरतात.

प्रशिक्षक: विमान कंपनीत दोन वैमानिकांच्या विमानावर काम केलेला प्रशिक्षक कार्यपद्धतीमागील कारणे समजावून देऊ शकतो. प्रत्येक सत्राआधीची तयारी आणि सत्रानंतरची चर्चा यांना दिलेला वेळ हा चांगल्या अभ्यासक्रमाचा ठळक निकष आहे. बहुतेक चुका सत्रात घडतात. त्या समजतात मात्र चर्चेत.

कार्यपद्धतीची पुस्तिका: चांगली संस्था प्रशिक्षणापूर्वीच ही पुस्तिका विद्यार्थ्याला देते. घरी कागदावर छापलेल्या उपकरणफलकासमोर बसून हाका आणि कृती यांचा सराव केल्यास सिम्युलेटरचा महागडा वेळ वाया जात नाही.

जोडीदार: दोन नवोदित वैमानिकांची जोडी दोघांनाही समान लाभ देते. जोडीदार न मिळाल्यास संस्था प्रशिक्षकालाच दुसऱ्या जागी बसविते का, याचा शिक्षणावर परिणाम होतो. प्रशिक्षक चुका आपोआप सावरून घेत असल्यास विद्यार्थ्याला लक्ष ठेवण्याचा खरा सराव मिळत नाही.

वेळ: एमसीसी आणि टाइप रेटिंग यांत दीर्घ काळ गेला, तर शिकलेली लय हरवते. त्यामुळे नोकरीची किंवा निवडचाचणीची शक्यता जवळ आल्यावर हा अभ्यासक्रम करणे अधिक फलदायी ठरते.

दुबार खर्च: काही कॅडेट कार्यक्रमांत एमसीसी अंतर्भूत असते. युरोपीय नियमांत एमसीसी पहिल्या टाइप रेटिंगबरोबर एकत्रितपणे घेण्याचीही तरतूद आहे. अशा मार्गाने जाणाऱ्याने स्वतंत्र अभ्यासक्रम आधीच केल्यास तोच खर्च दोनदा होतो. शुल्कात कर, पुस्तके, निवास आणि अतिरिक्त सत्रे समाविष्ट आहेत का, यानेही एकूण रकमेत मोठा फरक पडतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात वैमानिक प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. जुहू येथील बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना १९२८ मध्ये झाली. आज बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया आणि नागपूर ही राज्यातील उड्डाण प्रशिक्षणाची परिचित ठिकाणे आहेत. दोन वैमानिकांच्या चालकदलाच्या इतिहासातही मराठी नाव आहे. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता ते सिलचर मार्गावर फोकर फ्रेंडशिप विमान नेले. केवळ महिलांचे चालकदल असलेले ते भारतातील पहिले उड्डाण मानले जाते.

मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मार्ग लांबचा आहे. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ तालुक्यात असलेल्या सिरसाळ्यासारख्या गावातून निघालेल्या मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षणासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागते. लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर ही विमानतळ असलेली शेजारची शहरे आहेत. सिम्युलेटर केंद्रे मात्र प्रामुख्याने महानगरांत आहेत. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरात परवान्यापर्यंतचा खर्च उभा करणेच कठीण असते. नागपूर येथील महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच महाज्योती, हिने इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये व्यावसायिक वैमानिक परवान्याचे प्रशिक्षण उपलब्ध करून दिले आहे. अशा योजनांचा विषय मुळात परवाना हा असतो. त्यानंतरच्या एमसीसी आणि टाइप रेटिंगच्या खर्चाचा विचार आरंभीच केला नाही, तर परवाना हाती असूनही पुढची पायरी दूर राहते.

भाषेचा प्रश्नही येथे येतो. विमानातील हाका, तपासणी याद्या आणि रेडिओवरील संभाषण इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला याची भीती वाटण्याचे कारण नाही, कारण हे शब्द मोजके आणि ठरावीक असतात. अलंकारिक इंग्रजीला तेथे जागाच नसते. मात्र ताणाच्या क्षणी ते चटकन तोंडी यावेत, यासाठी मोठ्याने म्हणून केलेला सराव आवश्यक असतो.

मर्यादा

एमसीसीचे प्रमाणपत्र नोकरीची हमी देत नाही आणि कोणतेही प्रवासी विमान चालविण्याचा अधिकारही देत नाही. विमान कंपन्या स्वतःच्या लेखी परीक्षा, सिम्युलेटर चाचण्या आणि मुलाखती घेतात. भरतीची संख्या बाजारपेठेनुसार कमीअधिक होते. नियामकांचे नियम आणि कंपन्यांच्या अटीही वेळोवेळी बदलतात. नोकरी मिळाल्यानंतरही प्रत्येक कंपनी आपली कार्यपद्धती नव्याने शिकविते, आणि चालकदल सहकार्याचे उजळणी प्रशिक्षण वैमानिकाच्या संपूर्ण कारकिर्दीत चालू राहते.

अभ्यासक्रमाचा टिकाऊ लाभ वेगळा आहे. आपली चूक दुसऱ्याच्या लक्षात येईल अशा रीतीने काम करणे आणि दुसऱ्याची चूक वेळेत सांगणे, या दोन सवयी त्यातून लागतात. सहवैमानिकाच्या जागेवर पहिल्यांदा बसणाऱ्या तरुणाकडे तासांचा अनुभव कमी असतो. परंतु योग्य वेळी उच्चारलेला योग्य शब्द त्याला पहिल्या दिवसापासून देता येतो. विमानातील प्रवाशांची सुरक्षितता कधीकधी त्याच एका शब्दावर अवलंबून असते.